मुनीरभाईंचं पाणी

"वास येतो म्हणजे पावडर जास्त झाली असं नाय बाई. कमी पडली."

मुनीरभाईंचं हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा ऐकलं असेल, देव जाणे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी त्यांच्यावर खेकसले होते. म्हणलं, "मला शिकवू नका. डोळ्यांची आग होतीय नुसती. एवढी ब्लीचिंग पावडर टाकता कशाला?" नोकरीचा माझा तिसरा दिवस, आणि हे फिल्टरवरचे जुने माणूस. पण मी मुळातच तिखट तोंडाची. लासूर स्टेशनहून सकाळच्या गाडीनं उभ्या-उभ्या यायचं आणि दिवसभर ह्या वासात बसायचं, म्हणजे डोकं फिरणारच ना माणसाचं.

औरंगाबादेतल्या एका क्रीडामंडळाचा तो जलतरण तलाव. सगळे त्याला टँक म्हणायचे. मी खिडकीत बसून पास द्यायचे. हंगामी बाई, दर सहा महिन्यांनी नवा कागद. मुनीरभाई पंप, फिल्टर आणि पाणी बघायचे. 'फिल्टर ऑपरेटर' असं त्यांच्या खोलीवर लिहिलेलं होतं, पण ते स्वतःला पाणीवाला म्हणायचे. वडील निजामाच्या काळात शहराला पाणी आणणाऱ्या नहरीवर कामाला होते. पोलीस ॲक्शननंतर ते काम हळूहळू सुटलं, पण पाणी काही घरातून सुटलं नाही, असं ते हसून सांगायचे.

तर मी खेकसले, आणि ते रागावले नाहीत. आत गेले, एक काचेची नळी घेऊन आले. तिच्यात टँकचं पाणी. त्यात बाटलीतून ओटीचे, म्हणजे पावडर तपासायच्या औषधाचे थेंब टाकले आणि नळी माझ्या नाकासमोर धरली. "बघा. पावडर जिवंत असेल तर टाकल्या टाकल्या पिवळी होते. आता ही बघा, कशी रखडत रखडत पिवळी होतीय. म्हणजे हिच्यातली पावडर मेलेली. लोकांचा घाम, तेल, आणि आणखी काय काय सोडतात पाण्यात, बाईमाणसासमोर काय बोलू, त्याच्याशी भांडून भांडून मेली. हा वास आहे ना, तो मुर्द्याचा आहे."

"मग आता?"

"आता जुलाब."

मला वाटलं हा माणूस चेष्टा करतोय. पण त्या रविवारी संध्याकाळी टँक बंद झाल्यावर मी गाडीची वेळ होईपर्यंत थांबून बघितलं. सोमवारी टँकला सुट्टी, म्हणून रविवारचा हा कार्यक्रम. मोठमोठे सरकारी लोक ज्याला शॉक डोस म्हणतात त्याला मुनीरभाई जुलाब म्हणायचे. रोजची पावडर म्हणजे रोजचं जेवण, आणि पाण्याचं पोट बिघडलं की एकदम भारी डोस. थोडा-थोडा नाही, रोजच्या कितीतरी पट, एका दमात. आधी पिंपात पाणी, मग त्यात पावडर. "पावडरीवर पाणी कधीच ओतायचं नाय, अंगावर येती." तोंडाला ओला रुमाल बांधून बांबूनं ढवळायचं, पावडरीतला चुना खाली बसू द्यायचा, आणि वरची निवळ बादलीनं टँकच्या कडेकडेनं सोडत जायची. एक बादली, दोन पावलं, पुन्हा एक बादली. पंप चालू. सोबत तोंडानं चालूच, "चल बेटा, निकाल सब. शरमाना नक्को." पाण्याशी बोलत होते हो! मी भिंतीला टेकून हसत होते.

मंगळवारी सकाळी आले, तर वासाचं नाव नाही. बारा फुटांच्या तळाला जी जाळी असते ना, तिची भोकं वरून मोजता येत होती. मुनीरभाईंची परीक्षा हीच. भोकं मोजता आली तर पाणी पास. नळीत थेंब टाकले, तर चटकन पिवळंजर्द. मला म्हणाले, "आता सांगा, पावडर तर दहापट टाकली, वास कुठं गेला?" मी वाकून पुन्हा एकदा भोकं मोजली.

त्यांचा एकही शर्ट धड रंगाचा नव्हता. निळ्यावर पांढरे ठिपके, तपकिरीवर पिवळे. ईदचा नवा कोरा शर्ट महिन्याभरात चट्ट्यापट्ट्याचा व्हायचा. बोटांची सालं निघालेली, डोळे कायम लाल. लोकांना वाटायचं पितात की काय. पाचवेळचा नमाजी माणूस तो. डोक्यावर विणलेली पांढरी टोपी, आणि तेवढी एकच गोष्ट त्यांच्या अंगावर डागाशिवाय असायची.

पोहायला येणाऱ्या लोकांशी त्यांचं कधी जमलं नाही. शॉवर घेतल्याशिवाय कोणी पायरीवर पाय ठेवला की हे आडवे. एकदा एक मोठे अधिकारी आले. डोक्याला खोबऱ्याचं तेल असं चोपडलेलं की कानामागून ओघळ. मुनीरभाई साबणाची वडी घेऊन समोर उभे. "साहेब, एवढ्या तेलात दोन घाणे भजी निघतील. आधी शॉवर." मी खिडकीत जीभ चावली. म्हणलं गेला हा माणूस आता कामावरून. साहेब लालबुंद झाले, आजूबाजूला बघितलं, आणि गपचूप साबण घेऊन शॉवरखाली गेले. नंतर मी म्हणलं, "काय हो, भीती नाय वाटत?" तर म्हणाले, "बाई, माझ्याजवळ दुसरं पाणी नाय. हेच सांभाळायचं आहे."

हे मात्र शंभर टक्के खरं. ह्या गावात घरच्या नळाला दिवसाआड, कधी तीन दिवसांनी पाणी. टँक रिकामा करून नवा भरायची चैन कोणाला परवडणार? उन्हानं उडून जाईल तेवढं वरून घालायचं, बाकी तेच पाणी. मी नोकरीला लागले तेव्हा आठ वर्षं झाली होती, त्यांनी टँक एकदाही पूर्ण रिकामा केला नव्हता. आठ वर्षं तेच पाणी, आणि तळाची भोकं मोजता यायची. ह्याचा त्यांना फार अभिमान होता. दुसरा कसला अभिमान त्यांना होता असं मला आठवत नाही.

मग एक दिवस दूध लागलं.

माझ्या खिडकीमागच्या खोलीत स्टोव्ह होता. मी चहाला दूध ठेवलं आणि पासवाल्यांच्या गर्दीत विसरले. मुनीरभाई स्टोव्हशेजारीच स्टुलावर उर्दू पेपर वाचत बसलेले. माझ्यापर्यंत करपट वास आला तशी मी धावले. बघते तर पातेलं काळं ठिक्कर, खोलीभर धूर, आणि हे पेपरात डोकं घालून शांत. मी धडपडत आत घुसले तेव्हा त्यांनी दचकून वर बघितलं.

"अहो, झोपला होता का? नाक आहे का काय तुम्हाला?" मी ओरडले.

त्यांनी स्टोव्ह बंद केला. पातेलं उतरवलं, बाहेर नेऊन घासून आणलं. मग स्टुलावर बसून हळूच म्हणाले, "नाय बाई. नाक नाय."

दोन वर्षं झाली होती म्हणे. पावडरीनं आधी थोडं-थोडं गेलं आणि मग सगळंच. बिर्याणीचा वास नाही, पावसाचा नाही, लेकराच्या डोक्याचा नाही. "जुम्म्याला अत्तर लावतो तर अंदाजानं लावतो. बायको म्हणते, किती लावता, डोकं दुखतंय माझं." हे सांगताना ते हसायला गेले आणि त्यांचं तोंड वाकडंतिकडं झालं. मी आजवर कोणा पुरुषमाणसाला इतक्या जवळून रडताना बघितलं नव्हतं. काय करावं कळेना, म्हणून मी बिनदुधाचा चहा ठेवला.

"किसीको नक्को बोलो बाई. नाक नसलेला माणूस फिल्टरवर ठेवतील का? दोन पोरींची लग्नं व्हायचीत माझ्या."

मी शब्द दिला. आईची शपथ घेतली म्हणा ना.

त्या दिवसापासून मी त्यांचं नाक झाले. रोज सकाळी खिडकीशी यायचे आणि विचारायचे, "आज हवा काय म्हणते बाई?" मी टँककडे तोंड करून एक श्वास घ्यायचे आणि सांगायचे, "बरी आहे," किंवा "चढलीय." नळी तर त्यांच्याजवळ होतीच, नळी कधी खोटं बोलत नाही. पण कोणी मेंबर वासाची तक्रार घेऊन आला तर त्यांना आधीच ठाऊक असायला हवं, म्हणून ही व्यवस्था. चार वर्षं चालली. कोणाला पत्ता नाही. मला त्यात मजाही वाटायची, खोटं कशाला बोलू.

मग नवे सेक्रेटरी आले. माणूस कडक, इस्त्रीचा. त्यांच्याकडे मेंबरांनी अर्ज दिला की टँकला पावडरीचा उग्र वास येतो, पोरांचे डोळे सुजतात. सेक्रेटरींनी काय करावं? पावडर निम्मी केली. रविवारचा डोससुद्धा निम्मा. गोण्यांच्या खोलीची किल्ली स्वतःकडे घेतली आणि मोजून द्यायला लागले.

मुनीरभाई हात जोडून त्यांच्या टेबलापुढं उभे राहिले. मी पासांचं रजिस्टर सहीला घेऊन गेले होते, म्हणून ऐकलं. "साहेब, रोजचं कमी करा, पण जुलाब अर्धा देऊ नका. अर्ध्या जुलाबानं नुसती पोटात कळ उठते, साफ काही होत नाय. वास वाढंल." सेक्रेटरी म्हणाले, "नळी पिवळी होते ना? मग पावडर आहे. वास येतो ना? मग जास्त आहे. सरळ हिशोब आहे." मुनीरभाई म्हणाले, "घड्याळ लावून बघा साहेब, किती वेळानं पिवळी होते." साहेबांनी घड्याळ बघितलं, पण ते जेवणाच्या वेळेसाठी.

वास वाढला. म्हणून त्यांनी पावडर आणखी कमी केली. वास आणखी वाढला. त्यात उन्हाळी शिबिर, सकाळ-संध्याकाळ पोरांची ही झुंबड. तळाची जाळी दिसेनाशी झाली. मी रोज सकाळी सांगत होते, "चढलीय मुनीरभाई. लई चढलीय." ते मान हलवायचे आणि पंपाकडे जायचे. त्या दिवसांत त्यांनी पाण्याशी बोलणंही सोडलं.

एका सकाळी मी खिडकी उघडते तोवर कमिटीचे सात-आठ लोक काठावर हजर. सेक्रेटरी मला म्हणाले, "बाई, दोन ग्लास घ्या. एकात टँकचं पाणी भरा, एकात माठाचं." मला वाटलं नळीची परीक्षा करायची असेल. बरं वाटलं, खरं सांगते. म्हणलं एकदाची बघू देत नळी. मी स्टीलचे दोन सारखे ग्लास भरून टेबलावर ठेवले. माठ नुकताच भरलेला, त्यामुळे हाताला दोन्ही सारखेच.

मग त्यांनी मुनीरभाईंना बोलावलं. "तुम्ही म्हणे वासावरून पाणी ओळखता. मेंबरांना तर मोठमोठी लेक्चरं देता. सांगा बघू, ह्यातलं टँकचं कोणतं?"

त्या टँकच्या ग्लासाला असा वास होता की मला चार हातांवरून येत होता. शेंबड्या पोरानं सांगितलं असतं.

मुनीरभाईंनी एक ग्लास उचलला, नाकाशी धरला, खाली ठेवला. दुसरा उचलला. पुन्हा पहिला. कमिटीतले लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग मुनीरभाईंनी माझ्याकडे बघितलं. फार नाही, पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ. मी नुसती नजर त्या ग्लासाकडे वळवली असती तरी पुरे होतं. किंवा सरळ पुढं होऊन बोलायचं होतं, "साहेब, ह्यांचं नाक गेलंय, पण नळीला नाक लागत नाही. नळी बघा, नळी त्यांचंच म्हणणं सांगेल." एवढं एकच वाक्य. सगळं खरं आणि सगळं माझ्या जिभेवर. रोज गावाशी भांडणारी मी.

मी रजिस्टरमध्ये बघितलं.

नंतर मी स्वतःला पुष्कळ सांगितलं की शपथ घेतली होती, म्हणून बोलले नाही. धादांत खोटं. माझा कायम करण्याचा कागद त्याच आठवड्यात सेक्रेटरींच्या टेबलावर होता. मी घाबरले. एवढंच आहे ते.

मुनीरभाईंनी माठाचा ग्लास पुढं केला. "हे टँकचं."

लोक हसले. रुमाल नाकाला लावून हसले. कोणीतरी म्हणालं, "ह्यांना माठातसुद्धा पावडर दिसते!" सेक्रेटरी हसले नाहीत, ते नुसते म्हणाले, "बघितलंत? ह्या माणसाच्या भरवशावर आपली पोरं पाण्यात सोडतो आपण." आणि तिथल्या तिथं ठरलं की हे पाणी सगळं सोडून द्यायचं आणि ताजं भरायचं.

तेव्हा मुनीरभाईंना कंठ फुटला. "साहेब, माझं राहू द्या. मला काढून टाका. पण एक इतवार द्या. पूरा डोस. मंगळवारी वास राहिला तर जोड्यानं मारा. पाणी सोडू नका साहेब, वैशाख आहे, परत भरायला कुठून आणणार?"

"तुमच्या नाकावर विश्वास ठेवून?" सेक्रेटरी म्हणाले.

व्हॉल्व्ह त्यांनाच उघडायला लावला. दोन दिवस पाणी नाल्यात जात होतं. आसपासच्या वस्तीतल्या बाया हंडे घेऊन नाल्याशी आल्या. त्यांच्या नळाला तेव्हा पाच-पाच दिवस पाणी नव्हतं. मुनीरभाई उन्हात उभं राहून एकेकीला सांगत होते, "कपडे धुवा, भांडी धुवा, पोटात नक्को. लेकरांना पिऊ देऊ नका माय." ते दोन्ही दिवस जेवायला गेले नाहीत. तळ उघडा पडला, हिरवा चिकट थर उन्हात वाळला, आणि असा घाण वास सुटला की मी खिडकी लावून बसले.

ताजं पाणी कुठून येणार होतं? टँकर सांगितले तर वस्तीतली माणसं गेटवर येऊन बसली, की आम्हाला प्यायला नाही आणि तुम्ही पोहायला भरता? चूक काय होतं त्यांचं? पावसाळ्यानंतर भरू म्हणाले. तोवर उन्हानं फरश्या उचलल्या गेल्या, तळाला भेगा गेल्या. दुरुस्तीचं नुसतं बोलणं होत राहिलं. टँक काही पुन्हा भरला नाही. पाणीच नाही तर पाणीवाला कशाला, म्हणून मुनीरभाईंना घरी बसवलं. मला मंडळाच्या ऑफिसात टेबल मिळालं. कायम.

त्यांच्याकडे जायला मला तीन वर्षं लागली. पडेगावात राहायचे, दोन खोल्यांचं घर. मी ठरवून गेले होते. गाडीत, रिक्षात, सगळीकडे तेच घोकत होते, की मुनीरभाई, त्या दिवशी मी बोलले असते तर तुमचं पाणी वाचलं असतं. मी नोकरीसाठी गप्प बसले. तुम्ही मला काय वाट्टेल ते बोला.

फार वाळले होते. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. मला बघून उठायला गेले, मी बसा म्हणलं तरी उठलेच. आतून बायकोला हाक मारली. ती पदर सावरत आली तसं तिला म्हणाले, "ये वोइच बाई हैं. मैं बोला था ना."

तिनं माझे दोन्ही हात धरले. तिच्या डोळ्यांत पाणी.

मुनीरभाई म्हणाले, "बाई, त्या दिवशी तुमच्याकडे बघितलं ना मी, तेव्हा माझा जीव गेला होता. म्हणलं, आता बाई बोलतात. आता सगळ्यांसमोर सांगतात की मुनीरला नाक नाय. इतक्या लोकांत. पण तुम्ही शब्द राखला. दोन्ही पोरींची लग्नं झाली बाई. लोकांनी मला येडा म्हणलं, म्हणू देत. खोटारडा कोणी म्हणलं नाय की नाक नसून इतकी वर्षं पगार खाल्ला. माझी इज्जत तुम्ही राखली."

मी तोंड उघडलं. "मुनीरभाई, मी..." एवढंच निघालं.

"पाण्याचं काय," ते म्हणाले, "पाणी जाणारच होतं."

त्यांच्या बायकोनं शेवया केल्या होत्या. मी खाल्ल्या. वाटीभर सगळ्या खाल्ल्या आणि नको नको म्हणत असताना तिनं आणखी वाढल्या, त्याही खाल्ल्या. निघताना ते रस्त्यापर्यंत सोडायला आले, थांबत, धापा टाकत. रिक्षा थांबवली, आणि रिक्षावाल्याला दटावलं की बाई आमच्या घरच्या आहेत, स्टेशनपर्यंत नीट ने. मी आत बसले. त्यांनी छातीवर हात ठेवून मान लववली.

त्याच हिवाळ्यात ते गेले. मला पुढं दोन महिन्यांनी कळलं. शिव्या घातल्या असत्या तर मी त्या आयुष्यभर निमूट सोसल्या असत्या. पण तो माणूस माझे उपकार मानून गेला, आणि मी ते मानू दिले.